दिवस मावळल्यावरचे जुन्नर-आंबेगाव

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बातम्या महिनाभर न चुकता वाचल्या, की त्यांची वाक्यंसुद्धा पाठ होतात. अमक्या मळ्यात बिबट्याने गोठ्यातलं वासरू ओढून नेलं. परिसरात पिंजरा लावण्याची ग्रामस्थांची मागणी. नदीकाठच्या सात-आठ शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबल एका रात्रीत कापून नेल्या. पुढील तपास पोलीस करीत आहेत. महामार्गावर अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार जागीच ठार. पाय घसरून विहिरीत पडल्याने मृत्यू. प्रत्येक बातमी चार-सहा ओळींची. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी येते आणि पहिलीचं पुढे काय झालं, ते त्या घराशिवाय कुणाला कळत नाही.

या बातम्यांची खाती वेगवेगळी आहेत. बिबट्या वन विभागाचा, केबल पोलिसांची, रात्रीची वीज महावितरणची, रस्ता महामार्गाचा नाहीतर बांधकाम खात्याचा, साप आरोग्य खात्याचा, दरड महसूल खात्याची. ज्याच्या अंगावर हे सगळं येतं तो माणूस मात्र एकच. रात्री अकराला थ्री फेज आली म्हणून बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघालेला शेतकरी बिबट्याच्या वाटेवर असतो, घोणशीच्याही वाटेवर असतो आणि केबलचोराच्याही. सगळ्या बातम्या एका जागी मांडल्या, की बहुतेक संकटं एकाच वेळेला आणि एकाच जागी गोळा झालेली दिसतात. वेळ दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंतची, जागा गावठाणाबाहेरच्या वस्तीची. म्हणून हा आढावा खात्यांच्या बाजूने न घेता त्या वस्तीवरच्या माणसाच्या बाजूने घ्यायला हवा.

आधी जमीन पाहू. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज, आहुपे आणि भीमाशंकरचा डोंगर; तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची गावं, भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि धो धो पाऊस. पूर्वेला तीस-चाळीस किलोमीटरवर चित्र पार बदलतं. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांनी हा पट्टा बागायती केला. ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षं. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने. पाणी आलं तसा माणूस गावठाण सोडून शेतात राहायला गेला. आज गावाच्या नावाने ओळखली जाणारी निम्मी-अर्धी माणसं मळ्यात, वस्तीवर राहतात. दोन घरांच्या मध्ये एखादा उसाचा फड, घरामागे गोठा, समोर विहीर, रस्ता म्हणजे बैलगाडीची जुनी वाट. या समृद्धीची किंमतही याच भागाने मोजली. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिलं ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.

बिबट्याचा प्रश्न या जमिनीतूनच आला आहे. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. त्यात सावली, गारवा, शेजारी पाटाचं पाणी आणि चोहीकडे भटकी कुत्री, डुकरं, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला याहून जास्त काही लागत नाही. तो चुकून जंगलातून गावात आला आहे, हा समज आता सोडला पाहिजे. इथल्या कित्येक बिबट्यांच्या पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा शेती-वस्तीच्या त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गावाचा उकिरडा कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्या पोसतात, हे गावोगावच्या ग्रामसभांत अजून पुरेसं बोललं जात नाही.

या विभागाने एक धडा फार महाग शिकला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरच्या हल्ल्यांनी कहर केला. लोकांच्या मागणीवरून दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात पकडायचा आणि शेतशिवारापासून लांब जंगलात नेऊन सोडायचा, असा सपाटा सुरू होता. पुढे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जे निघालं ते सुन्न करणारं होतं. असे बिबटे परिसरातल्या जंगलांत आणून सोडण्याआधी या भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. सोडायला लागल्यावर ते सतरावर गेले, आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. बाहेरून आणलेल्या जनावराला तिथली वाट, पाणी, माणसांच्या वेळा काहीच ठाऊक नसतं. ते बिथरतं, परतीची वाट धरतं आणि वाटेत जे समोर येईल त्याला भिडतं. किती लांब जातं, याचं उदाहरण ‘आजोबा’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या बिबट्याने दिलं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या या म्हाताऱ्या नराला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला. जुन्नरकरांनी त्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: बिबट्या ‘लांब सोडा’ म्हणणं म्हणजे आपली भीती दुसऱ्या गावाच्या दारात नेऊन ठेवणं.

तरीही आजचा गावकरी ‘पिंजरा लावा’ म्हणतो, तेव्हा त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाच नाही. २०२४ मध्ये काळवाडी, पिंपरी पेंढार या जुन्नर तालुक्यातल्या गावांनी माणसं गमावली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंबेगावच्या शिवेला लागून असलेल्या, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात आधी साडेपाच वर्षांची मुलगी, मग एक वृद्धा आणि २ नोव्हेंबरला तेरा वर्षांचा मुलगा असे तीन बळी तीन आठवड्यांत गेले. लोकांचा बांध फुटला. वन विभागाची गाडी जाळली गेली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास रोखला गेला. त्यानंतर परवानगी मिळाली आणि नेमबाजांनी त्या परिसरातला एक बिबट्या ठार केला. त्याच दिवसांत पिंपरखेडच्या बायाबापड्या गळ्यात टोकदार लोखंडी काट्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसल्या. कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसलेच ते पट्टे. बिबट्या मानेवर झेप घेतो हे त्यांना कुठल्या शिबिरात शिकवावं लागलं नव्हतं. खुरपायला वाकलेली बाई आणि अंगणात खेळणारं लेकरू त्याच्या नजरेला उंचीने एखाद्या शेळीएवढंच दिसतं, हे वनरक्षक आता गावोगाव सांगतात. त्या पट्ट्यांचे फोटो देशभर फिरले. ज्या शेतकरणीला आपल्याच शेतात कांदे लावायला असा पट्टा घालावा लागतो, तिची व्यथा मात्र फोटोबरोबर फिरली नाही.

विधिमंडळातही आवाज झाला. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश घालून आले. वनमंत्री गणेश नाईक यांच्याकडून जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पनाही पुढे आली. वेशाने लक्ष वेधलं हे खरं. शेळ्यांच्या कल्पनेवर मात्र माझा विश्वास बसत नाही. उसात वाढलेला प्राणी शेळीच्या आशेने भीमाशंकरच्या रानात जाईल, याला इथल्या अनुभवात कसलाही आधार नाही. नसबंदीचा मार्ग त्याहून गंभीरपणे घेण्यासारखा आहे. जुन्नर विभागाने त्याचा प्रस्ताव पाठवला होता आणि केंद्राने मोजक्या माद्यांवर प्रयोग करायला संमती दिली. पण त्याचं फळ दिसायला वर्षं लागतील, आणि आज फडात असलेली मादी तोवर थांबणार नाही.

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. ही रक्कम वाढत गेली ही चांगली गोष्ट आहे. पण जखमी होऊन वाचलेल्याचं, तोंडावर-मानेवर टाके पडलेल्याचं, भीतीने शाळा सोडलेल्या पोराचं काय, हा प्रश्न मदतीच्या तक्त्यात नीट बसत नाही.

पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. वन विभागाने सुरू केलेलं हे केंद्र ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था सांभाळते. ते कायम भरलेलं असतं. काही बिबटे जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रालाही पाठवावे लागले. याच केंद्राच्या आणि वनरक्षकांच्या कामातली एक गोष्ट मला या सगळ्या गदारोळात मोलाची वाटते, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिलं पाहिजे.

ऊसतोड सुरू झाली, की फडात बछडी सापडतात. डोळे नुकते उघडलेले, मांजराएवढे दोन-तीन जीव पाचटात पडलेले असतात. पूर्वी लोक ती उचलून आणायचे, फोटो काढायचे आणि रात्री सैरभैर झालेली मादी वस्तीभोवती फिरू लागली, की हल्ल्याची भीती वाढायची. आता बहुतेक ठिकाणी तोड थांबवून फोन केला जातो. डॉक्टर येतात, बछडी तपासतात, अंगावरच्या गोचिडी काढतात, पाणी पाजतात. संध्याकाळी बछडी जिथे सापडली नेमक्या त्याच जागी, टोमॅटोच्या क्रेटसारख्या पेटीत ठेवून, जवळ कॅमेरा लावून माणसं लांब जातात. मादी बहुधा त्याच रात्री येते. पेटी कलंडवते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलते आणि बाजूच्या न तोडलेल्या उसात शिरते. एवढं करण्यासाठी शेतमालकाला अर्धा एकर ऊस एक दिवस उभा ठेवावा लागतो, मुकादमाला टोळी दुसरीकडे वळवावी लागते आणि गावाला एक रात्र घरात राहावं लागतं. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांनी हे अनेकदा केलं आहे. रस्ता रोखणारा आणि बछड्यांसाठी तोड थांबवणारा शेतकरी एकाच गावातला असतो, हे विसरून या संघर्षावर लिहिता येत नाही.

आता रात्रीच्या विजेकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्याचा खरा गाभा तिथे आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला पाण्यासाठी रात्रीच बाहेर पडावं लागतं. पाऊण एकर कांद्याला दारं धरायचं, म्हणजे वाफा भरला की फोडायचा, दुसऱ्याचं तोंड उघडायचं, आणि हे करताना माणूस तासन्‌तास वाकलेला, हातात फावडं, डोक्याला बॅटरी. दिवसा वीज द्या ही मागणी इथे वर्षानुवर्षांची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये त्याच उद्देशाने आली आणि २०२३ मध्ये नव्याने मांडली गेली. सौर प्रकल्पांतून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, असा तिचा बेत. हल्लाप्रवण गावांचे फीडर या योजनेत सगळ्यांत आधी यायला हवेत. चार तालुक्यांतली २३३ गावं बिबट्याच्या हल्ल्यांच्या दृष्टीने आपत्तीप्रवण म्हणून नोंदली गेली आहेत. वन विभागाची ही यादी आणि महावितरणची फीडरची यादी शेजारी ठेवून काम सुरू करायला नवा कायदा लागत नाही.

दिवसाच्या विजेने साप मरणार नाहीत, पण सर्पदंश घटतील. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी जातींतली घोणस पिकात, बांधाच्या गवतात असते आणि अंधारात पाय पडला की चावते. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश इतका हलका, की माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा घरचे अजीर्ण समजतात. देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे. या पार्श्वभूमीवर जुन्नर तालुक्याची गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी दशकानुदशकं सर्पदंशाचे हजारो रुग्ण तपासले, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवलं आणि तालुक्यात सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये हे ध्येय ठेवून काम उभं केलं. उपचाराचं सूत्र साधं आहे: करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही; हात-पाय स्थिर ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. अडतं ते वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरवर. १०८ ची रुग्णवाहिका मंचर, नारायणगाव, जुन्नरहून निघते. पण चिखलाच्या वाटेवर ती शिरत नाही आणि रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवूनच आणावं लागतं.

चोऱ्यांचं प्रकरण बाहेरच्यांना किरकोळ वाटतं. शेतकऱ्याला ते तसं नाही. घोड, कुकडी, मीना या नद्यांच्या काठी ओळीने मोटारी असतात. चोर रात्रीत शंभर-दोनशे मीटर केबल कापतो, जाळून तांबं काढतो आणि भंगारात विकतो. त्याच्या हाती येतात थोडे पैसे. शेतकऱ्याला मात्र ऐन उन्हाळ्यात नवी केबल घेईपर्यंत पीक सुकताना पाहावं लागतं. रोहित्रांतलं तेल आणि तांबं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे हेही याच रांगेत. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात दिवस मोडतो, म्हणून अनेक जण ती देतच नाहीत, आणि तक्रार नाही म्हणून कागदावर चोरीही दिसत नाही. भंगाराच्या दुकानांवर नीट नजर ठेवली तर यातलं बरंच थांबेल, हे प्रत्येक गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

इथे ग्राम सुरक्षा यंत्रणेचा उल्लेख केला पाहिजे. पुणे ग्रामीण भागातल्या कित्येक गावांनी ती स्वीकारली आहे. १८०० २७० ३६०० या क्रमांकावर संकटातल्या माणसाने फोन केला, की त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. दरोडा असो, आग असो, बिबट्या असो, शेजारची माणसं पोलिसांच्या गाडीआधी पोचतात. मळ्यात राहणाऱ्याला शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही, ही वस्तीची मूळ अडचणच ती सोडवते. तिची उणीव एकच: नंबरांची नोंद वेळोवेळी झाली नाही तर ती मुकी होते. नव्याने लग्न होऊन आलेली सून, बाहेरून आलेला सालगडी, मेंढपाळ, ऊसतोड कामगार यांचे नंबर त्यात क्वचितच असतात. वन विभागाची १९२६ आणि पोलिसांची ११२ या मदतवाहिन्याही पाठ असायला हव्यात. पण मध्यरात्री कुणीतरी प्रत्यक्ष धावून यायचं असेल तर गावच लागतं.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथे बाह्यवळणं झाली आणि गावातली कोंडी सुटली. त्याबरोबर वेग वाढला आणि जिथे गावरस्ता महामार्गाला भिडतो तिथे मृत्यू वाढले. १७ जानेवारी २०२५ ला नारायणगावजवळ टेम्पो, प्रवासी गाडी आणि बस यांच्या अपघातात नऊ जण गेले. त्यातही हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली. हे दरवर्षी सांगितलं जातं, दरवर्षी कारखान्याच्या गेटवर पट्ट्या लावण्याचा कार्यक्रम होतो आणि दरवर्षी जानेवारीत तीच बातमी येते. विहिरींचंही तसंच. विनाकठड्याच्या विहिरींत माणूसही पडतो, बिबट्याही पडतो. २०१९ च्या फेब्रुवारीत आंबेगाव तालुक्यातल्या थोरांदळे परिसरात सहा वर्षांचं मूल उघड्या कूपनलिकेत अडकलं आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने रात्रभर खणून त्याला जिवंत काढलं. सोडून दिलेल्या बोअरवर झाकण बसवायला लागतात चार विटा आणि एक फरशी.

पश्चिम पट्ट्याची भीती वेगळी आहे, आणि तिचं नाव माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसाच्या झोडीत डोंगर खाली आला आणि आंबेगाव तालुक्यातलं हे महादेव कोळ्यांचं गाव घरांसकट गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. जगाला ही बातमी प्रथम कळली ती सकाळची गाडी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकामुळे. नेहमीचं गाव जागेवर नाही, एवढंच त्याने पाहिलं. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, पावसाची नोंद घेऊन गावाला उठवणारं कुणी नव्हतं. पुढे जवळच आमडे इथे नवं माळीण वसवलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये लोकांना घरं मिळाली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते, भराव खचल्याने लोक पुन्हा हादरले. घरं उभी राहिली. पण ज्यांच्या कुटुंबातलं एकच माणूस उरलं, त्याला घर मिळालं म्हणजे गाव परत मिळालं असं होत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यानंतर आसपासची धोकादायक गावं पाहून त्यांच्या याद्या केल्या. तळिये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये अशीच दरडीखाली गाडली गेली तेव्हा त्या याद्या पुन्हा कपाटातून निघाल्या. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांना पावसाळ्यात तात्पुरतं हलवायचं ठरतं, पण गुरं, भात आणि कोंबड्या सोडून शाळेच्या खोलीत किती दिवस राहणार? स्थलांतराची जागा ठरवताना गोठ्याचाही विचार झाला तरच लोक वेळेत बाहेर पडतील. बिबट्याच्या पट्ट्यात माणूस रात्री घराबाहेर पडायला भितो, इथे पावसाळी रात्री घरात झोपायला.

बातमी पोचण्याचा मार्ग आता पार बदलला आहे, आणि त्यातून नवं संकट आलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर बिबट्याचे फोटो मिनिटाला येतात. त्यांतले काही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले निघाले. खोटा फोटो एका वस्तीचा म्हणून फिरतो, वन विभागाचं पथक तिकडे धावतं आणि खऱ्या ठिकाणी पोचायला उशीर होतो. त्याहून वाईट म्हणजे मृतांचे, जखमी लेकरांचे फोटो फिरवले जातात. स्थानिक बातमीदारांपैकी जे प्रत्यक्ष जाऊन ठसे पाहून, वनरक्षकाशी बोलून, वेळ आणि गट नंबर लिहून बातमी देतात, त्यांची किंमत अशा काळात कळते. त्यांना एकच विनंती करावीशी वाटते: पिंजरा लावल्याची बातमी जशी देता, तशी महिन्याने त्या पिंजऱ्याचं काय झालं हेही द्या. मागणी केलेला खांबावरचा दिवा लागला का, त्या वाटेवर मुरूम पडला का, जखमी बाईला मदत मिळाली का.

या सगळ्यात सर्वांत कमी दिसणारी माणसं म्हणजे बाहेरून आलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोड टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोप्या शिवारातच, दार नावाचं काही नाही, संडास नाही, मायबाप पहाटे अंधारातच फडात आणि लेकरं कोपीपाशी. मेंढपाळांचे वाडेही असेच उघड्यावर बसतात. बिबट्याच्या हल्ल्यांत या दोन समाजांची लेकरं वारंवार बळी पडली आहेत. पण त्यांच्यासाठी रास्ता रोको करायला इथे त्यांचं गाव नसतं, आणि हंगाम संपला की बातमीतला माणूसच जिल्ह्याबाहेर गेलेला असतो. कोप्यांच्या जागेला सौर कुंपण, दोन दिवे आणि फिरती शौचालयं, एवढी सोय कारखान्यांना जड नाही.

शिवाय त्यांच्याकडे एक कागद आयताच असतो. कोणत्या गावात, कोणत्या गटात, कोणत्या तारखेला तोड पडणार, हा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी विभागाकडे आधीच तयार असतो. ऊस तुटला की बिबट्याचं घर मोडतं आणि पुढचे काही दिवस तो शेजारच्या शिवारात, म्हणजे कुणाच्या तरी अंगणाजवळ आसरा शोधतो. त्या कार्यक्रमाची एक प्रत आठवडाभर आधी वनपालाकडे, एक महावितरणच्या शाखा कार्यालयात आणि एक त्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, तर त्या आठवड्यात पथक कुठे ठेवायचं, कोणत्या फीडरला दिवसा वीज द्यायची आणि शाळा किती वाजता सोडायची, हे तिन्ही ठिकाणी बसल्या जागी ठरवता येईल.